वेलाखालचे वतनदार

फाल्गुन सरत येतो, उन्हाला धार चढते आणि पहाटेचा गारवा टिकून आहे तोवर कलिंगडाची तोडणी उरकून घेण्याची लगबग शेतात सुरू होते, तेव्हा तोडणाऱ्याचा हात एका ठरलेल्या क्रमाने चालत असतो. देठाजवळचा तणावा वाळला आहे की नाही हे तो आधी पाहतो. मग फळावर टिचकी मारून आतून बद्द आवाज येतो का, हे कान देऊन ऐकतो. आणि अखेरीस फळ हलकेच कलते करून, त्याचे पोट जिथे इतके दिवस जमिनीला टेकले होते तेथल्या पांढुरक्या डागावर पिवळी झाक आली आहे, अशी खातरजमा करून घेतो. या तिसऱ्या क्रियेत, त्याच्या ध्यानीमनीही नसताना, एका निराळ्याच वस्तीचे छप्पर क्षणभर उचलले जाते.

भीमेच्या काठी, सोलापूर जिल्ह्यातील एका शेतात मी असाच एके सकाळी तोडणाऱ्यांच्या मागोमाग हिंडत होतो. शेत जुन्या वळणाचे होते. वाफ्यांवर प्लॅस्टिकचा कागद नव्हता, वेलांखाली उसाचे पाचट पसरले होते. एक मोठे फळ उचलले गेले आणि त्याच्या खालची थाळीएवढी, ओलसर, काळी जागा उघडी पडताच मी तिथे गुडघे टेकले. उजेड पडल्याबरोबर तिळाहूनही बारीक असे पांढरे जीव टणाटण उड्या मारून ढेकळांच्या फटींत शिरले. एक वाणी अंगाचे वेटोळे करून निपचित पडली. मुंग्यांची एक रांग आपली अंडी तोंडात धरून घाईने आत वळली. आणि कडेच्या एका बिळात गांडुळाचे गुलाबी टोक, कोणी दोरी ओढावी तसे, सर्रकन मागे गेले. बिळाच्या तोंडाशी त्याने टाकलेल्या मातीच्या बारीक गोळ्यांची ढिगोळी होती. ज्याने फळ उचलले होते तो गडी माझ्याकडे वाकून म्हणाला, "हे किडे पिकाला खातात का हो? मालकाला फवारायला सांगू?"

त्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येण्याजोगे नव्हते, आणि हा लेख म्हणजे ते लांबलेले उत्तरच होय. कारण आपल्याकडील बहुसंख्य शेतांत, बहुसंख्य वेळी, त्या प्रश्नाचा निकाल कोणतीही चौकशी न होताच लागत असतो. आणि ज्यांच्या विरुद्ध तो लागतो ते जीव अपराधी आहेत की शेताचे जुने, इमानी वतनदार आहेत, याची शहानिशा करण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

प्रथम या वस्तीची शिरगणती पाहू. मातीतील प्राण्यांचे त्यांच्या आकारमानावरून तीन वर्ग पाडण्याचा प्रघात आहे, आणि हे वर्ग केवळ ग्रंथकारांच्या सोयीचे नसून त्यांच्या राहणीचेही आहेत. गांडुळे, मुंग्या, वाळवी, वाणी, भुंगेऱ्यांच्या अळ्या हे मोठे. ते स्वतः माती खोदतात आणि आपले मार्ग आपण तयार करतात. त्यांच्या खालोखाल दोन मिलिमीटरहून लहान असे कोळीवर्गातील सूक्ष्म जीव आणि, ज्यांच्या उड्यांनी माझे लक्ष वेधले ते, स्प्रिंगटेल. यांना खोदण्याचे सामर्थ्य नसते, म्हणून दुसऱ्यांनी पाडलेल्या बिळांत, कुजलेल्या मुळांनी मोकळ्या केलेल्या नळ्यांत आणि कणाकणांमधील पोकळ्यांत ते बिऱ्हाड करतात. आणि सर्वांत धाकटे म्हणजे सूत्रकृमी, जे मातीच्या कणाभोवती पाण्याचा जो पातळ पापुद्रा असतो त्यातच पोहतात आणि तो पापुद्रा आटला की निश्चेष्ट होऊन पुढच्या ओलाव्याची वाट पाहतात. खोदणारे, पोकळीत राहणारे आणि पापुद्र्यात पोहणारे, अशी ही उतरंड ध्यानात ठेवली म्हणजे शेतीतील कोणत्या कामाचा घाव कोणावर बसतो, हे समजण्यास फार प्रयास पडत नाहीत.

यांची संख्या ऐकून सामान्य वाचकाचा विश्वास बसत नाही. चांगल्या, सेंद्रिय द्रव्याने युक्त अशा मातीच्या एका चौरस मीटरमध्ये स्प्रिंगटेल दहा हजारांपासून लाखापर्यंत सापडतात. सूत्रकृमींच्या बाबतीत तर २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक मोजदादीने पृथ्वीवरच्या मातीच्या वरच्या थरातील त्यांचा आकडा ४४ या संख्येपुढे एकोणीस शून्ये मांडावीत एवढा ठरविला. यांपैकी स्प्रिंगटेल आणि सूक्ष्म कोळी बाहेर काढून डोळ्यांना दाखविण्याची युक्ती अंतोनिओ बेर्लेसे या इटालियन कीटकशास्त्रज्ञाने १९०५ साली शोधली आणि स्वीडनच्या आल्बर्ट टुलग्रेन याने १९१८ साली तिच्यात विजेच्या दिव्याची भर घातली. युक्ती इतकी साधी आहे की कोणत्याही शाळेत ती करता यावी : नरसाळ्यात जाळी बसवावी, जाळीवर ओंजळभर ओली माती ठेवावी, वर दिवा लावावा आणि नरसाळ्याच्या तोंडाखाली स्पिरिटची बाटली ठेवावी, उष्णतेने माती वरून वाळत जाते तसतसे जीव ओलाव्याच्या आशेने खाली सरकतात आणि दोन-तीन दिवसांत बाटलीच्या तळाशी जमा होतात. त्या बाटलीतील थेंब साध्या भिंगाखाली धरला की मृगाच्या पहिल्या पावसानंतर अंगणात फिरणाऱ्या त्या लाल मखमली मृगाच्या किड्याचे शेकडो बारीक भाऊबंद आपल्याला दिसू लागतात.

आता या वस्तीचे आणि कलिंगडाच्या वेलाचे देणेघेणे काय, हा खरा प्रश्न. कलिंगड हे घाईचे पीक आहे. आजच्या संकरित जाती सत्तर-पंचाहत्तर दिवसांत तोडणीला येतात, आणि एवढ्या अवकाशात वेल वाढवून, फुलवून, चार-सहा किलोची फळे पोसायची म्हणजे मुळांना पाणी, हवा आणि अन्न यांपैकी कशाचाही खळ पडून चालत नाही. गांडुळाच्या बिळांतून पाणी खोल मुरते आणि हवा आत खेळते. चार्ल्स डार्विन याने १८८१ साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, गांडुळांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात इंग्लंडच्या अनेक भागांत ही मूक प्रजा दर एकरी दरसाल दहा टनांहून अधिक कोरडी माती आपल्या पोटातून काढून वर आणून टाकते, असा हिशेब त्याने मांडला. आणि याच कामाचा माग काढण्यासाठी स्वतःच्या घराजवळच्या कुरणावर १८४२ साली पसरलेला खडूचा थर एकोणतीस वर्षांनी खणून पाहिला, तेव्हा तो सात इंच खाली गेलेला आढळला. एका उत्तरासाठी एकोणतीस वर्षे थांबण्याची ही चिकाटी मला त्या ग्रंथातील सिद्धान्ताइतकीच वंदनीय वाटते, कारण मातीशी बोलायचे तर मातीच्याच चालीने बोलावे लागते, हे त्या वृद्ध संशोधकाने पुरेपूर ओळखले होते.

स्प्रिंगटेलांची चाकरी अधिक नाजूक आहे. त्यांचे मुख्य अन्न म्हणजे बुरशी. आणि कलिंगडाच्या कुळाला ज्या मर रोगाने पिढ्यानुपिढ्या ग्रासले, ज्याच्यामुळे भर उमेदीतील वेल एका दुपारी माना टाकतो, तो फ्युझेरियम या मातीतील बुरशीचाच प्रताप. जपानी संशोधकांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखविले की सिनेला कर्व्हिसेटा या जातीचे स्प्रिंगटेल कलिंगडाची सख्खी बहीण जी काकडी, तिच्यावर मर आणणारी फ्युझेरियम बुरशी चरून खातात आणि रोगाचा जोर कमी करतात. दोन मिलिमीटरचा हा जीव मुळाशी बसून राखण करतो, आणि ही राखण बिनपगारी असल्यामुळेच तिची नोंद कोणत्याही जमाखर्चात होत नाही.

मुंग्या आणि भुंगेरे यांचेही असेच. फळमाशी कोवळ्या फळात अंडी घालते, अळी फळ पोखरून मोठी होते आणि मग जमिनीत उतरून काही अंगुळे खोल कोशात जाते. त्या अवस्थेत तिला शोधून खाणारे मुंग्या आणि जमिनीवर फिरणारे शिकारी भुंगेरे हेच होत. शिवाय कलिंगडाच्या वेलावर नर आणि मादी फुले वेगवेगळी येतात व एका फुलाचे आयुष्य एका सकाळीपुरते असते, त्यामुळे मधमाशी त्या सकाळी न फिरकली तर फळच धरत नाही. आणि या फुलांवर येणाऱ्या एकट्या राहणाऱ्या रानमाश्यांपैकी कित्येकींची घरटी मोकळ्या, टणक मातीत, बहुधा बांधाच्या उतारावर, बोटभर खोल बिळांत असतात. मातीतील प्राण्यांची यादी करताना या माश्यांना वगळणे हा त्यांच्यावर अन्याय होईल.

पण एकच बाजू मांडून निवाडा मागणे शोभत नाही. त्याच मातीत वैरीही नांदतात, आणि वेलवर्गीय पिकांचे तर विशेषच. पानांवर तांबडे भुंगेरे दिसतात त्यांच्या अळ्या मुळे आणि जमिनीला टेकलेली फळे पोखरतात. त्याहून चिवट शत्रू म्हणजे मुळांवर गाठी करणारी सूत्रकृमी. या कृमीचे पहिले शास्त्रीय वर्णन माइल्स जोसेफ बर्कली याने १८५५ साली इंग्लंडमध्ये काचगृहातील काकडीच्याच मुळांवरून केले, आणि भारतात तिची पहिली नोंद १९०१ साली दक्षिणेतील चहाच्या मुळांवरून बार्बर याने केली. पिवळा पडलेला वेल उपटून मूळ धुऊन पाहिले तर, मण्यांच्या माळेसारख्या गाठी ओळीने दिसतात. प्रत्येक गाठीत पेअरच्या आकाराची एक मादी बसलेली असते आणि तिच्या मागे चिकट पिशवीत शेकडो अंडी. उन्हाळ्याच्या उबदार, ओल्या, हलक्या मातीत साधारण महिनाभरात तिची एक पिढी पुरी होते, म्हणजे कलिंगडाच्या एका हंगामात दोन पिढ्या सहज. ही कृमी खरोखर पिकाचा नाश करते, आणि तिच्या बंदोबस्तासाठी शेतकरी जिवाच्या आकांताने धडपडतो, यात त्याचा दोष काहीच नाही.

येथे एक गोष्ट मात्र मनावर ठसविली पाहिजे : मातीतील बहुतेक सूत्रकृमी मुळांच्या वाटेला जातच नाहीत. काही जीवाणू खातात, काही बुरशी, आणि काही तर इतर सूत्रकृमींचीच शिकार करतात. बुरशींपैकीही काही बारीक फासे टाकून सूत्रकृमी पकडतात, हे जर्मन शास्त्रज्ञ त्सोफ याने १८८८ सालीच पाहिले होते. म्हणजे वैरी, वैऱ्याचा वैरी आणि तटस्थ रयत अशी सारी एकाच चिमूटभर मातीत शेजारी शेजारी राहतात. आणि शेतीतील आपले हुकूम सुटतात ते या सर्वांवर सरसकट.

ते हुकूम कोणते, हे आता हंगामाच्या क्रमाने पाहू. पहिला हुकूम नांगराचा. खोल नांगरट झाली की ट्रॅक्टरच्या मागे बगळे, साळुंक्या आणि कावळे रांगेने चालू लागतात, आणि ते दृश्य डोळ्यांना कितीही रम्य वाटले तरी त्याचा अर्थ असा की तळघरे फोडली गेली आहेत आणि रहिवासी उघड्यावर पडले आहेत. नांगरटीचा लाभ आहेच. तांबड्या भुंगेऱ्यांचे आणि फळमाशीचे कोश त्याच वेळी वर येऊन उन्हाने आणि पाखरांनी नष्ट होतात. परंतु नांगरानंतर रोटाव्हेटरच्या दोन-तीन पाळ्या देऊन माती पिठासारखी करण्याची जी चाल पडली आहे, तिने शरीराने मोठे असलेल्या गांडुळांचा सर्वांत अधिक संहार होतो. गांडुळाचे दोन तुकडे झाले की दोन गांडुळे होतात, हा समज सर्वस्वी खोटा आहे. काही जातींत पुढचा भाग कसाबसा जगतो, मागचा मरतो. आणि माती भुगा होऊन पुढे यंत्रांच्या चाकांखाली दबली की पोकळ्या बुजतात. मग ज्यांना खोदता येत नाही ते स्प्रिंगटेल आणि सूक्ष्म कोळी, कोणी अंगाला हात न लावताही, बेघर होतात.

दुसरा हुकूम कागदाचा. गादीवाफ्यावर ठिबकची नळी अंथरून वर पंचवीस-तीस मायक्रॉनचा, बाहेरून रुपेरी आणि आतून काळा असा प्लॅस्टिकचा मल्चिंग पेपर ताणायचा आणि त्याला भोके पाडून रोपे लावायची, ही पद्धत गेल्या काही दशकांत महाराष्ट्रभर पसरली, आणि ती उगाच पसरली नाही. तिने तण दबते, खुरपणीची मजुरी वाचते, पाण्याची वाफ होऊन जात नाही, रुपेरी पृष्ठभागाच्या लखलखाटाने मावा आणि फुलकिडे बिचकतात. कागदाखालची ओल एकसारखी टिकत असल्यामुळे काही बारीक जिवांना तेथे आरंभी सुखही लाभते. त्या सकाळी बांधापलीकडच्या शेतात, तोडणी झालेल्या एका वाफ्याचा कागद मी मालकाच्या परवानगीने हातभर उचलून पाहिला, तेव्हा माती उबदार, ओलसर आणि मऊ होती, मुळांची पांढरी जाळी कागदाला लगटून पसरली होती. परंतु पानाचा तुकडा नाही, काडी नाही, शेणाचा ओळखू येईल असा कण नाही. घर होते, पण चुलीवर काही नव्हते. एका मूठभर पाहण्यावरून सिद्धान्त करू नये, हे खरे. पण कारण उघड आहे. वरून पडणारा पालापाचोळा हेच या वस्तीचे धान्य, आणि कागद पसरला की ती रसद तुटते. जमिनीत बिळे करणाऱ्या रानमाश्यांना तर त्या वाफ्याचे दार बंदच होते.

कागदाचा दुसरा परिणाम हंगाम संपल्यावर सुरू होतो. उन्हाने विरलेला कागद ओढून काढताना फाटतो, त्याच्या चिंध्या मातीत राहतात, पुढच्या रोटाव्हेटरने त्यांचे तुकडे होतात आणि तुकड्यांचे कण. नेदरलँड्समधील वागेनिंगेन येथील संशोधकांनी २०१६ साली दाखविले की गांडुळांच्या खाद्यात पॉलिथिनच्या सूक्ष्म कणांचे प्रमाण फार वाढविले असता त्यांची वाढ खुंटते आणि मृत्यू वाढतात. शिवाय ते कण गांडुळे आपल्या बिळांतून खोल नेऊन पोहोचवितात. ज्या वाटांनी पाणी आणि हवा खाली जावी त्याच वाटांनी आता हा अविनाशी केर खाली जातो आहे. चीनमध्ये कागदाखालची शेती आपल्याहून पुष्कळ जुनी आणि विस्तृत. तेथे उरलेल्या चिंध्यांचा उपद्रव एवढा वाढला की कागद अखंड उचलता यावा म्हणून त्याची किमान जाडी ०.०१ मिलिमीटर असावी, असा दंडक २०१७ च्या मानकाने घालावा लागला. आपला कागद त्याहून जाड आहे, ही जमेची बाजू. तो एकाच हंगामात टाकून न देता नीट गुंडाळून काढला, तरच ती जमेस धरता येईल.

तिसरा हुकूम खताचा. ठिबकमधून विद्राव्य खते रोज थोडी थोडी सोडली जातात, आणि ती झाडाला तत्काळ पोहोचतात. पण केवळ क्षारांवर वाढणाऱ्या शेतात वस्तीच्या वाट्याला काही येत नाही. इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे १८५६ पासून अखंड चालू असलेल्या कुरणाच्या प्रयोगात, ज्या तुकड्यांना वर्षानुवर्षे अमोनियम सल्फेट दिले आणि चुना दिला नाही, तेथील माती आंबट झाली, गांडुळे निघून गेली आणि मेलेले गवत कुजण्याऐवजी जाजमासारखे साचत राहिले. जणू झाडलोट करणारे चाकर गेल्यावर वाड्यात केर साचावा. दख्खनच्या काळ्या जमिनीत चुनखडी मुबलक असल्याने हा आंबटपणा सहसा येत नाही, तिथे भय क्षार साचण्याचे. कोकणची जांभ्याची माती मात्र मुळातच आंबट असल्याने, भात कापून त्या ओलीवर कलिंगड घेणाऱ्या शेतकऱ्याने ही गोष्ट अवश्य लक्षात ठेवावी.

चौथा आणि सर्वांत कठोर हुकूम विषाचा. रोपे लावल्यावर मुळांशी औषधांची आळवणी करण्याची रीत आता सार्वत्रिक झाली आहे. फोरेटसारखे दाणेदार विष आपल्याकडे कित्येक वर्षे मुठीने मातीत पेरले गेले, आणि ३१ डिसेंबर २०२० पासून त्याच्या वापरावर पूर्ण बंदी आली. कार्बोफ्युरानही गांडुळांना अत्यंत घातक. मर रोगासाठी वारंवार ओतलेले तांबेयुक्त औषध तर विघटन पावतच नाही. तांबे हे मूलद्रव्य, ते मातीत साठतच जाते, आणि गांडुळाला ते सोसत नाही. परदेशांत खरबूज-टरबुजांच्या व्यापारी शेतीने याहून पुढची मजल गाठली होती : लागवडीपूर्वी कागदाखाली मिथिल ब्रोमाइड वायू सोडून मातीतील यच्चयावत जीव मारून टाकायचे आणि निर्जीव मातीत पीक घ्यायचे. १९८७ च्या मॉन्ट्रिअल कराराच्या कक्षेत हा वायू १९९२ साली आला, पुढारलेल्या देशांत २००५ पर्यंत आणि विकसनशील देशांत २०१५ पर्यंत, काही अपवाद वगळता, त्याचा वापर थांबविण्याचे ठरले. पण तो थांबला ओझोनच्या थरासाठी. त्या कराराच्या कलमांत मातीतील जिवांची फिर्याद नव्हती.

सरसकट संहारानंतर मातीत परत कोण येते, हा प्रश्न या साऱ्या विषयाचा गाभा आहे. डच शास्त्रज्ञ टॉम बोंगर्स याने १९९० साली सूत्रकृमींच्या कुळांना एक ते पाच असे दर्जे दिले. पहिल्या दर्जाच्या कृमी काही दिवसांत पिढी पुरी करतात, शेणखताचा वा कुजक्या द्रव्याचा सुगावा लागताच लाखांनी वाढतात, आणि उलथापालथ त्यांना सोसते. पाचव्या दर्जाच्या कृमी मोठ्या, दीर्घायुषी, थोडी अंडी घालणाऱ्या आणि विषाला व उलथापालथीला चटकन बळी पडणाऱ्या असतात. शिकारी कृमी बहुतांशी वरच्या दर्जांत मोडतात. मातीतील सूक्ष्म कोळ्यांपैकीही कित्येक जाती अशाच सावकाश वाढणाऱ्या आहेत. तेव्हा शेत एकदा साफ झाले म्हणजे आधी परततात ते घाईचे उपरे. गाठी करणारी कृमीही, वेलाची ताजी मुळे मिळताच, महिनाभरात आपले बस्तान पुन्हा बसविते. आणि तिचा बंदोबस्त करणारे जुने वतनदार परत येईतो वर्षे लोटतात. ते परत येण्याच्या आतच पुढच्या हंगामाचा नांगर फिरतो. कलिंगडाचा हिशेब सत्तर दिवसांचा आणि मातीचा हिशेब अनेक वर्षांचा. या दोन हिशेबांचा मेळ न घालता आपण दरसाल खाते नव्याने उघडतो, आणि मागची थकबाकी मात्र मातीच्या नावावर चढत जाते.

जुन्या पद्धतीत हा मेळ कसा घातला जात असे, त्याचा एक सुंदर दाखला विदर्भात आहे. पावसाळा ओसरून नदीचे पाणी उतरले की वैनगंगेसारख्या नद्यांच्या वाळूत ढिवर आणि भोई मंडळी डांगरवाड्या लावीत. ओल लागेपर्यंत वाळूत खड्डे खणायचे, त्यांत कुजलेले शेणखत आणि गाळ भरायचा, आणि त्यात बी टोकायचे. कोरड्या वाळूच्या विस्तारात तो प्रत्येक खड्डा म्हणजे जिवंत मातीचे एक बेट. तेथे नांगर नव्हता, आणि पुढच्या पावसाळ्यात पूर येऊन साऱ्या वाळूची उलथापालथ करून नवा गाळ ठेवून जाई; गाठींची कृमी एका जागी वर्षानुवर्षे साठून राहण्याला नदीच वाव देत नसे. काठावरच्या स्थिर शेतात मात्र नदीचे हे काम करणारे कोणी नाही; ते शेतकऱ्याला आपल्या अकलेने, फेरपालटीने करावे लागते.

आणि ते करता येते. जिथे गाठींचा उपद्रव झाला तिथे लागोपाठ वेलवर्गीय पीक न घेता मध्ये झेंडू घ्यावा; त्याच्या मुळांतील द्रव्य त्या कृमीला मानवत नाही. लागवडीआधी निंबोळी पेंड मिसळावी. तोडणी संपताच गाठी असलेली मुळे उपटून नष्ट करावीत. निरोगी वेल मात्र जाळू नयेत, त्यांचे खत करावे. आपल्या शेजारच्या इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ नंतरच्या वर्षांत काडीकचरा आणि शेण यांचे थर रचून खत करण्याची जी पद्धत सिद्ध केली आणि जी पुढे इंदूर पद्धत म्हणून जगभर गेली, ती याच कामाची. एप्रिल-मेच्या उन्हात पारदर्शक कागद पसरून माती तापविण्याचा, इस्राएलच्या कातान यांनी १९७६ साली मांडलेला उपाय विषाहून पुष्कळ सौम्य आहे. तरी ऊनही वैरी आणि मित्र असा भेद जाणत नाही, म्हणून तो केवळ रोगट वाफ्यापुरता, आणि पाठोपाठ चांगले शेणखत देऊनच करावा. कागद वापरायचाच असेल तर दोन वाफ्यांमधल्या पाटांत तणनाशक न मारता पाचट पसरावे, म्हणजे बेघर झालेल्यांना लगतच आसरा मिळेल. नांगरट वाफसा पाहून, गरजेपुरती करावी. आणि बांध उकरून जमीन वाढविण्याचा मोह टाळावा. जिथे नांगर कधीच फिरत नाही अशी ती एकच पट्टी, आणि उजाड झालेल्या शेतात पुन्हा वस्ती होते ती तिथूनच.

त्या गड्याला मी त्या सकाळी इतके सारे सांगू शकलो नाही. मी त्याला एवढेच म्हणालो की यांतले बहुतेक तुमच्या वेलाचे काहीच खात नाहीत, उलट वेलाला जे खाते त्यालाच यांतले काही खातात. आणि वेल माना टाकू लागला तर फवारणीचा पंप उचलण्याआधी एक वेल उपटून, मूळ धुऊन बघा, गाठी असल्या तर त्या तुमच्या डोळ्यांना दिसतील. तो क्षणभर थांबला. मग हातातले फळ टोपलीत ठेवून त्याने बाजूचे पाचट मूठभर उचलले, त्या उघड्या पडलेल्या ओल्या गोलावर हलक्या हाताने पसरले, आणि पुढच्या फळाचा डाग पाहायला वाकला.